न्यायमूर्ती माधवराव रानडे

सरकारी अधिकार आणि हरिभक्ती यांचे जमत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. अधिकार आला की मीपणा येतो आणि मीपणा आला की पंढरीची वाट सुटते, असे कीर्तनातून आपण कितीदा तरी ऐकतो, आणि ते काही खोटे नाही. पण त्याच कीर्तनातून दामाजीपंतांची कथाही आपण ऐकतो. मंगळवेढ्यास बादशहाची कामगिरी करीत असता दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांना मोकळी केली. नाथमहाराजांचे सद्गुरू जनार्दनस्वामी हे तर देवगिरीचे किल्लेदार. तेव्हा दोष अधिकाराचा नव्हे, तो कसा वापरला याचा आहे. आसनावर बसून माणूस स्वतःला विसरला की दुसऱ्याला, एवढेच पाहावयाचे.

या दृष्टीने गेल्या शतकापूर्वीच्या एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. ते पुरुष म्हणजे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती महादेव गोविंद ऊर्फ माधवराव रानडे. आरंभीच सांगून टाकलेले बरे की माधवराव माळकरी नव्हते. ते प्रार्थनासमाजाचे, निर्गुण, निराकार परमेश्वराची उपासना करणारे. विटेवरच्या सगुण रूपापाशी आपला जीव जसा गुंतलेला आहे, तसा त्यांच्या समाजाचा नव्हता. हा भेद आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरीपण तुकोबांचे अभंग ज्यांच्या ओठी पहाटेच्या पहिल्या प्रहरी येत, आणि संतांनी महाराष्ट्रासाठी काय केले हे ज्यांनी इंग्रजीतून साऱ्या जगाला सांगितले, त्यांना परके म्हणावे असे आम्हांला वाटत नाही.

बालपण

माधवरावांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी झाला. वडील गोविंदराव प्रथम इंग्रजी अमलात नोकरीस होते, पुढे कोल्हापूर संस्थानात गेले. म्हणून माधवरावांचे बालपण कोल्हापुरास गेले. निफाडाहून कोल्हापुरास येतानाची एक हकिकत त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. रात्रीची वेळ, बैलगाडीत बायकामाणसे पेंगुळलेली, आणि अडीच वर्षांचे हे मूल गाडीतून खाली पडले. कोणाला पत्ताच नाही. मागून घोड्यावर विठूकाका येत होते. मुलाने त्यांना ओळखले, हाक मारली, आणि आपण पडलो आहोत असे सांगितले. ज्याच्या हातून पुढे हजारोंचे काम व्हावयाचे होते, त्याला अंधाऱ्या वाटेवर सांभाळणारा कोणी होता, असे भाविक मन म्हणेल. आम्हीही तसेच म्हणतो.

मूल मोठे अबोल आणि दिसायला मंदसे होते. या मुलाचे कसे होणार, अशी आईला काळजी वाटे. एकदा आईने बर्फीचे दोन तुकडे हातावर ठेवले, एक मोठा व एक लहान, आणि एक मोलकरणीच्या मुलाला दे म्हणून सांगितले. माधवरावांनी मोठा तुकडा त्या मुलाला दिला. एकदा खेळायला सोबती मिळेना, तर खांबालाच सोबती करून सोंगट्यांचा डाव मांडला. खांबाचे दान आपणच टाकावयाचे आणि आपलेही आपणच. डाव खांबाने जिंकला आणि पोराने तो मुकाट्याने मान्य केला. घरची मंडळी हसली. पण पाहा, ज्याला बोलता येत नाही त्याचा हात आपणच चालवायचा आणि तरी लबाडी करायची नाही! न्यायाधीशाचे काम याहून वेगळे ते काय असते?

विद्या

वयाच्या चौदाव्या वर्षी, १८५६ मध्ये, माधवराव मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात आले. मुंबई विश्वविद्यालय १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांत माधवराव होते. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत ते व रामकृष्णपंत भांडारकर हे दोघेही होते. पुढे एम. ए. झाले, कायद्याची परीक्षा दिली. वाचनाचा झपाटा असा की डोळे अधू झाले आणि तो अधूपणा जन्मभर राहिला. पुढे पुष्कळसे वाचन दुसऱ्याकडून ऐकूनच करावे लागे.

याच काळात मुंबईत एक नवी चळवळ उभी राहत होती. ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज निघाला. माधवराव आणि भांडारकर लवकरच त्यात सामील झाले. बंगालच्या ब्राह्मसमाजाहून या समाजाचे एक वेगळेपण होते आणि वारकऱ्यांनी ते ध्यानात घेण्यासारखे आहे. इकडच्या मंडळींनी उपासनेसाठी आधार घेतला तो आपल्या संतांच्या अभंगांचा. ज्या सुमारास सरकारी साहाय्याने तुकाराममहाराजांच्या गाथेची चिकित्सक आवृत्ती छापून निघत होती, त्याच सुमारास इंग्रजी शिकलेली ही तरुण पिढी तोच अभंग हाती घेऊन ईश्वराचे भजन करीत होती. माधवराव उपासनेला उभे राहिले म्हणजे एखादा अभंग घेत आणि त्याचे निरूपण करीत. त्यांची ती धर्मपर व्याख्याने त्यांच्या पश्चात रमाबाईंनी प्रसिद्ध केली.

पुण्यास न्यायाधीश

काही काळ भाषांतरकार, काही काळ संस्थानी नोकरी, काही वर्षे एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन, असे करता करता १८७१ मध्ये माधवराव पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून आले. तेव्हा वय अवघे एकोणतीस. त्याआधी वर्षभर, २ एप्रिल १८७० रोजी, गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा काढली होती. माधवराव सरकारी नोकर; त्यांना पुढे होऊन पुढारीपण करता येईना. तेव्हा काकांनी पुढे उभे राहावे आणि माधवरावांनी मागून विचार पुरवावा, असे ते चालले. सभेचे अर्ज, तपशील, पुढे १८७८ पासून निघालेले त्रैमासिक, यांत माधवरावांचा हात असे. नाव मात्र क्वचितच दिसे. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात, ज्याने सोलापुराकडचा मुलूख होरपळून काढला, सभेने गावोगावची खरी हकिकत जमवून सरकारपुढे मांडली.

दिवसभर कोर्टात बसायचे आणि सकाळ-संध्याकाळ लोकांचे काम करायचे, असा हा क्रम. वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच प्रेरणेने. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन ११ मे १८७८ रोजी पुण्यास भरले, त्याचे अध्यक्ष माधवराव. मुलींची इंग्रजी शाळा, जिला आपण हुजूरपागा म्हणून ओळखतो, ती १८८४ मध्ये निघाली, त्यातही ते होते.

१८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले असता त्यांची मिरवणूक काढण्यात आली. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून चेष्टा आरंभली. रस्त्यात चिखलफेक झाली. माधवरावही मिरवणुकीत होते आणि त्यांच्याही अंगावर चिखल उडाला. शहराचा न्यायाधीश तो! मनात आणते तर किती जणांना कोठडी दाखविता आली असती. पण त्यांनी कपडे बदलले आणि गोष्ट तिथेच सोडून दिली. नाथांच्या अंगावर थुंकणाऱ्याची कथा आपण ऐकतो आणि माना डोलवितो. तसे वागण्याची पाळी आपल्यावर आली म्हणजे मात्र ती कथा आठवत नाही. यांना ती आठवली असावी.

स्वतःचा निवाडा

आता जी गोष्ट सांगावयाची ती माधवरावांच्या चाहत्यांस अवघड वाटणारी आहे. पण ती गाळून चरित्र सांगणे म्हणजे ते अर्धेच सांगणे होय.

विधवांच्या पुनर्विवाहाच्या पक्षाचे माधवराव एक खंदे पुरस्कर्ते. विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीने त्यांनी हा पक्ष उचलून धरला होता, १८७० मध्ये पुण्यास या विषयावर शास्त्रार्थ झाला, बहिष्कारही सोसला होता. अशात १८७३ मध्ये त्यांची प्रथम पत्नी वारली. मित्रांना वाटले, आता माधवराव बोलल्याप्रमाणे करतील. हीच धास्ती वडिलांना होती. गोविंदरावांनी घाई करून देवराष्ट्राच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी पसंत केली. माधवरावांनी वडिलांची पुष्कळ विनवणी केली, आपले लग्नच करू नका म्हणून सांगितले. वडील ऐकेनात, निर्वाणीवर आले. शेवटी मुलगा वाकला आणि ते लग्न झाले. वर एकतीस वर्षांचा, वधू अकराची.

सुधारकांनी बोल लावले, सनातन्यांनी टाळ्या पिटल्या. दोन्ही बाजूंनी हसे झाले. माधवरावांनी त्यावर आपला बचाव केला नाही. वडिलांची आज्ञा मोडवली नाही ही थोरवी, असे कोणी म्हणू लागला तर तेही त्यांनी मिरविले नाही. आम्हांला विचाराल तर, त्या प्रसंगी ते कमी पडले, असेच आम्ही म्हणू. पितृभक्ती ही मोठी खरी. पण जिच्यासाठी आपण झगडतो त्या विधवेचा हक्क आपल्या घरच्या उंबऱ्याशी येऊन परत जावा, हे न्यायाचे नव्हे.

पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. ज्या न्यायाधीशाला स्वतःविरुद्ध निवाडा करता येतो, तो शिक्षाही भोगतो. त्या अकरा वर्षांच्या मुलीला, म्हणजे रमाबाईंना, माधवरावांनी लग्न झाल्याबरोबर शिकवायला आरंभ केला. पाटी, पेन्सिल, मुळाक्षरे येथून आरंभ. मग मराठी वाचन, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे खपेना. सुनेला घालूनपाडून बोलणे होई. माधवरावांनी ना बायकांशी भांडण केले, ना शिकवणे सोडले. रोजचे कोर्टाचे काम आटोपून हा अभ्यास वर्षानुवर्षे चालला. ती मुलगी पुढे पुण्याच्या सेवासदनाची माउली झाली. १९०९ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेने किती निराधार बायकांना शिकवून पायावर उभे केले याची गणती नाही.

गोरोबाकाकांनी संतांची मडकी थापटून पाहिली तेव्हा नामदेवरायांना कच्चे ठरविले, ही कथा आपण सारे जाणतो. नामदेवराय कच्चे ठरले म्हणून लहान झाले काय? ते उठून विसोबांकडे गेले, म्हणून मोठे झाले. मडके कच्चे निघणे हे पाप नव्हे, कच्चे असून पक्क्याचा आव आणणे हे पाप. १८७३ साली माधवराव कच्चे निघाले. ते त्यांनी ओळखले आणि उरलेला जन्म भट्टीत घालविला.

संशय आणि बदली

१८७८ मध्ये माधवरावांची बदली नाशिकास झाली. पुढच्या साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने पुणे प्रांत हादरला. मे १८७९ मध्ये पुण्याचे बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले. सरकारच्या मनात आले की या साऱ्यामागे पुण्याची शिकलेली मंडळी आहेत, आणि त्यांचे डोके म्हणजे रानडे. तातडीने त्यांना धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रेही त्यांना येऊ लागली. माधवराव अशी पत्रे आली की सरळ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करीत. काही दिवसांनी सरकारचा संशय आपोआप फिटला.

एवढे झाले तरी त्यांच्या कोर्टातील कामात तिळाचा फरक पडला नाही. सरकारवर राग नाही, सरकारची खुशामत नाही. ज्या सरकारने आपल्यावर पाळत ठेवली त्याचीच खुर्ची सांभाळायची आणि तीवर बसून लोकांना न्याय द्यायचा, ही कसरत सोपी नव्हे.

चार जिल्ह्यांचा शेतकरी

आणि आता माधवरावांच्या न्यायाधीशपणाचा जो भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याकडे वळू. वारकरी म्हणजे बहुतेक शेतकरी. आळंदी-देहूच्या पालख्या ज्या मुलखातून जातात तो पुणे, सातारा, सोलापूर जिल्ह्यांचा मुलूख. याच मुलखात, आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात, गेल्या शतकापूर्वी कर्जाने शेतकऱ्याचा गळा आवळला होता. सरकारचा सारा रोकड्यात आणि ठराविक दिवशी भरायचा; पाऊस न पडला तरी भरायचा. मग सावकार. सावकाराचा कागद शेतकऱ्याला वाचता येत नसे. अंगठा द्यायचा एवढेच ठाऊक. व्याजावर व्याज चढे, जुना कागद फाडून नवा होई, आणि शेवटी कोर्टाचा हुकूमनामा येई. बहुतेक दाव्यांत शेतकरी हजरच राहत नसे, निकाल एकतर्फी. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची दुकाने फोडली, खतपत्रांच्या होळ्या केल्या. तो वणवा नगर जिल्ह्यातही पसरला.

यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांस तो लागू केला. या कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन पाहण्याची मुभा दिली. मूळ मुद्दल किती, व्याज किती, हिशेब पहिल्यापासून मांडा, आणि व्याज मुद्दलापेक्षा अधिक धरू नका. फेड हप्त्यांनी करू द्या. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नका. सावकाराने पावती दिली पाहिजे. दावा कोर्टात जाण्याआधी गावच्या भल्या माणसाने तडजोडीचा प्रयत्न करून पाहावा. असा तो कायदा. पण यात एक मेख होती. लहान दाव्यांत अपील ठेवलेले नव्हते. मग खालच्या कोर्टाने चूक केली तर गरिबाने जावे कोठे? यासाठी एक खास न्यायाधीश नेमलेला असे. त्याने गावोगावची कोर्टे तपासावी, निकाल पाहावे, चुकले असेल ते दुरुस्त करावे.

हे काम माधवरावांकडे आले. १८८१ पासून प्रथम पुणे व सातारा जिल्ह्यांत मदतनीस म्हणून, आणि पुढे खास न्यायाधीश म्हणून चारही जिल्ह्यांत. वर्षाचे पुष्कळसे दिवस फिरतीत जात. आज या तालुक्याला, उद्या त्या. रमाबाई बरोबर असत. मुक्कामाच्या गावी त्या बायकामुलींना भेटत, मुलींच्या शाळा पाहत. माधवराव कोर्टाची दप्तरे तपासत. कंटाळवाणे काम हो! एकेका दाव्यात रक्कम ती काय, दहा-वीस-पन्नास रुपये. पण पन्नास रुपयांत बैलजोडी जाते, बैल गेले की शेत जाते, आणि शेत गेले की माणूस गाव सोडतो. हे ज्याला कळले त्याला कोणताच दावा लहान वाटत नाही. खांबाचे दान प्रामाणिकपणे टाकणारे पोर आता मोठे झाले होते; समोरचा शेतकरी खांबासारखाच मुका होता.

आणि माधवरावांचा मोठेपणा असा की सारा दोष त्यांनी एकट्या सावकाराच्या माथी मारला नाही. सावकार वाईट म्हणून कायदा कडक केला तर सावकार कर्ज देणे बंद करील, मग पेरणीला बी कोठून आणायचे? म्हणून माफक व्याजाने कर्ज देणाऱ्या शेतकी पेढ्या निघाल्या पाहिजेत, आणि सरकारी साराही माफक व स्थिर पाहिजे, असे ते सांगत. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात, जेथे सासवडास सोपानकाकांची समाधी आहे, अशा पेढीचा प्रयोग करावा म्हणून पुष्कळ खटपट केली. माधवरावांचा तिला पाठिंबा होता. विलायत सरकारने ती योजना मान्य केली नाही. सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हायला १९०४ साल उजाडावे लागले; तो पाहायला माधवराव नव्हते.

याच संदर्भात पंढरपूरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७५ मध्ये तेथे न्यायखात्यात असलेले लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ प्रार्थनासमाजाच्याच विचाराचे. टाकून दिलेल्या अर्भकांची दशा पाहून त्यांनी पंढरपुरास अनाथ बालकांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो प्रार्थनासमाजाने चालविला. मूर्ती न मानणाऱ्यांनी विठ्ठलाच्या दारी टाकलेली लेकरे उचलून घेतली. विठोबाने हिशेब कोणाच्या नावे लिहिला असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

नम्रता

१८८६ मध्ये सरकारच्या आर्थिक कमिटीवर माधवराव सभासद म्हणून गेले, त्या निमित्ताने कलकत्त्यास राहणे झाले. तेथे त्यांनी बंगाली शिकावयास घेतली. हजामत करायला न्हावी येई. माधवराव दाढी करून घेता घेता बंगाली पुस्तक वाचीत आणि अडले की त्या न्हाव्यालाच उच्चार आणि अर्थ विचारीत. रमाबाईंना हे कसेसेच वाटले. एवढे मोठे अधिकारी आणि गुरू कोण, तर न्हावी! माधवरावांना त्यात काहीच विशेष वाटले नाही. आपल्या सेनामहाराजांचे नाव घेणाऱ्यांनाही वाटू नये.

जिभेवर ताबा, झोपेवर ताबा, रागावर ताबा, असा त्यांचा नेम होता. घरी उत्तम आंबा आला तर एक-दोन फोडी खाऊन ताट बाजूस सारीत. आवडीची वस्तू पुढे असता थांबता येते की नाही याची ती रोजची परीक्षा. पहाटे लवकर जाग येई. मग अंथरुणातच टाळ्या-चुटक्या वाजवीत अभंग म्हणणे चाले. तुकोबांचा चरण नामदेवरायांच्या चरणाला जोडला जाई, चाल कोठल्या कोठे जाई, पण डोळ्यांना पाणी येई. रमाबाईंनी एखादे वेळी थट्टा केली तर हसत. गळा नव्हता, ताल नव्हता, गोडी मात्र होती.

पुन्हा एक परीक्षा

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यास पंचहौद मिशनात एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा आला. त्या मंडळींत माधवराव होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे ही नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि ग्रामण्याचा प्रचंड वाद माजला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ग्रामण्य म्हणजे काय ते आजच्या मुलांना कळणार नाही. घरचे लग्नकार्य अडते, श्राद्धपक्ष अडते, लेकीसुना तोंडाला मुकतात. माधवरावांना स्वतःला त्याची फिकीर नव्हती. पण ज्यांच्या घरी असे हाल चालले होते त्या मित्रांकरिता त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. शिष्यमंडळी खट्टू झाली. स्वतः रमाबाईंना ते आवडले नाही. पुन्हा तोच आरोप, की हे वाकतात.

हे बरोबर केले की चूक? आम्ही एवढेच म्हणू, की १८७३ सालचे वाकणे आणि १८९२ सालचे वाकणे सारखे नव्हे. पहिल्या वेळी ते वाकले आणि भार दुसऱ्यावर पडला. दुसऱ्या वेळी ते वाकले तो दुसऱ्याचा भार आपल्या पाठीवर घेण्यासाठी. १८९५ मध्ये पुण्यास काँग्रेस भरली तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देऊ नये म्हणून असाच दंगा उठला. ही परिषद माधवरावांनी १८८७ पासून आईच्या मायेने वाढविलेली. पण भांडण नको म्हणून त्यांनी मंडपाचा हट्ट सोडला आणि परिषद दुसरीकडे भरविली. जागा सोडली, परिषद सोडली नाही.

हायकोर्ट आणि संतचरित्र

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती काशिनाथपंत तेलंग हे अकाली वारले. त्यांच्या जागी नोव्हेंबरात माधवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. एतद्देशीयाला मिळू शकणारी ती त्या काळची फार मोठी जागा. पुण्यात आनंदीआनंद झाला. मतभेद होते तेही त्यात सामील झाले. सात वर्षे त्यांनी ते काम केले. निकाल लिहिण्याआधी दाव्याचे सारे कागद स्वतः पाहावयाचे किंवा वाचवून घ्यावयाचे, धर्मशास्त्राचा प्रश्न आला की मूळ वचनांपर्यंत जावयाचे, अशी त्यांची रीत.

दिवसा हे काम आणि उरल्या वेळात मराठ्यांचा इतिहास. १९०० मध्ये त्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठ्यांचे राज्य म्हणजे लुटारूंच्या हाती योगायोगाने आलेली सत्ता, असे इंग्रज इतिहासकार लिहीत. माधवरावांनी तसे नव्हे म्हणून दाखविले. आणि कारण सांगताना एक सबंध प्रकरण संतांना दिले. महिपतिबुवांच्या संतचरित्रांच्या आधारे ते सांगतात, की ज्ञानोबांपासून पुढे काही शतके महाराष्ट्रात संतांची जी मांदियाळी झाली, तीत ब्राह्मण होते तसे शिंपी, माळी, कुंभार, सोनार, कुणबी, महार होते, स्त्रिया होत्या, मुसलमानही होते. त्यांनी देशभाषेला मान दिला, जातीच्या अभिमानाची धार बोथट केली, कर्मकांडापेक्षा प्रेम मोठे ठरविले, माणसाला माणूस जोडला. असा एक झालेला समाज होता, म्हणून शिवछत्रपतींना राज्य उभारता आले.

हे मत सर्वांना पटले असे नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलट बाजू घेतली. संतांनी लोकांना निष्क्रिय केले, असे त्यांचे म्हणणे. तो वाद विद्वानांत अजून मिटलेला नाही. पण आमच्या टाळकुट्या म्हणून हिणविल्या गेलेल्या पंथाला राष्ट्राच्या पायाचा दगड म्हणणारा पहिला मोठा विद्वान हायकोर्टाच्या न्यायासनावर बसलेला होता, हे आपण विसरता कामा नये. आणि ते त्याने ग्रंथातून वाचून मात्र सांगितले नाही. चार जिल्ह्यांची धूळ तुडविताना त्या पंथाची माणसे त्याने पाहिली होती.

अखेर

१९०० च्या डिसेंबरात लाहोरास सामाजिक परिषद होती. जायची तयारी झाली होती, पण प्रकृतीने दगा दिला. दरसालचा नेम चुकला याचे त्यांना अतोनात दुःख झाले. वसिष्ठ-विश्वामित्रांवरचे त्यांचे भाषण शिष्योत्तम गोपाळराव गोखल्यांनी तेथे वाचले. मराठी भाषेला विश्वविद्यालयाच्या वरच्या परीक्षांत स्थान मिळावे ही त्यांची खटपटही याच शेवटच्या दिवसांतली. जानेवारीत रजा घेतली. इतिहासाचा दुसरा भाग लिहावयाचा होता. तो राहिला. १६ जानेवारी १९०१ रोजी रात्री मुंबईस हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. एकोणसाठावे वर्ष पुरे व्हायला दोन दिवस उणे होते.

जन्मभर ज्यांच्याशी मतभेद झाला त्या टिळकांनी त्यांच्या मृत्यूनंतर मोकळ्या मनाने त्यांचा गौरव केला. पुढे १८ जानेवारी १९४३ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यास रानड्यांवर व्याख्यान देऊन त्यांच्या सामाजिक कार्याची थोरवी सांगितली. दोघेही उगाच स्तुती करणारे नव्हेत.

वाचकहो, या चरित्रातून घ्यावयाचे ते काय? आपल्यापैकी थोड्यांनाच हायकोर्टाची खुर्ची मिळणार. पण न्यायाधीश आपण सारेच असतो. घरात सुनेचा निवाडा सासू करते, शेतात गड्याचा मालक करतो, फडावर नव्या टाळकऱ्याचा जुना करतो. निवाडा करण्यापूर्वी समोरच्या मुक्याचे दान आपण प्रामाणिकपणे टाकले का, आणि स्वतःचा कागद एकदा पहिल्यापासून तपासला का, एवढे विचारले तरी पुरे. माधवरावांच्या गळ्यात माळ नव्हती. आमच्या गळ्यात आहे. तेव्हा आमच्यावरची जबाबदारी त्यांच्याहून अधिक आहे, हे ध्यानी धरून त्या थोर पुरुषाला दंडवत घालतो आणि लेखणी ठेवतो.

रामकृष्णहरि.